काट्यावरचे मामा

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणाची फसगत नको. मी पालीला भितो, उघड्या वायरीला भितो, प्राचार्यांनी बोलावलंय असा शिपायाचा निरोप आला की मी आधी रजेचा अर्ज लिहायला घेतो. असा माणूस नेकनूरचं भरलं घर सोडून कडा गावाच्या बाजूला एका खेड्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवायला जातो, आणि त्याला खोली मिळते ती गावाबाहेर, उसाच्या फडाला खेटून. आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

घरमालकांना सारं गाव मामा म्हणायचं. सत्तरीकडे झुकलेले, काटक, पांढऱ्या मिशा कातरलेल्या. मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो तर त्यांनी ना गाव विचारलं, ना नाव. डोक्यापासून चपलांपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "बावन्न किलो. घरचं जेवन न्हाई वाटतं."

"मामा, पंचावन्न," मी म्हणालो.

"ब्यागीसकट आसल," मामा म्हणाले आणि आत वळून ओरडले, "आगं, सर आलेत. भाकरी टाक."

जन्मभर ते एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी, कधी बैलांची टायरगाडी, कधी ट्रॅक्टर, काट्यावर चढायची, मामा केबिनमधून वजन बघायचे, मग खिडकीतून हात बाहेर काढून आवाज द्यायचे, "वजन झालं, फुडं घ्या!" की गाडी खाली. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी ते वाक्य काही त्यांच्या तोंडातून निवृत्त झालं नाही. जेवण झालं की ताटावरून उठताना, "वजन झालं, फुडं घ्या." भावकीत वाद पेटला की दोघांचं ऐकून घेऊन, "वजन झालं, फुडं घ्या." एकदा तर मयतीच्या घरी भेटायला गेलो होतो. रडून रडून बायांचा घसा बसला होता. मामा उठले, कर्त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि तेच म्हणाले. मला वाटलं आता मार खाणार. पण त्या पोरानं डोळे पुसले आणि उठून पाण्याचं बघायला लागला.

आता काट्यावरचा माणूस म्हटलं की आपल्याकडे काय म्हणतात ते ठाऊक आहेच. काटा मारतो. म्हणजे शेतकऱ्याचा ऊस कमी भरवतो. मामांनी मारला की नाही मारला, देव जाणे. पण त्यांच्या पाठीमागं हा शब्द आयुष्यभर कुत्र्यासारखा फिरला. थोरल्या मुलीची सोयरीक एकदा त्यावरूनच मोडली होती, असं मामी एकदा भांडी घासता घासता बोलून गेल्या आणि पुढचं ताट जोरात घासायला लागल्या. मामा स्वतः फक्त एवढंच म्हणायचे, "म्या काट्याला कधी बोट लावलं न्हाई." मोठ्यानं नाही. कुणी विचारलं नसतानाही, मधेच.

मामांचं दुसरं नाव वाघ. त्याची गोष्ट गावात प्रत्येकानं मला निदान एकदा सांगितली. एका हंगामात वजनावरून शेतकरी भडकले. शे-दोनशे माणूस काठ्या घेऊन काट्यावर आलं, केबिनची काच फोडली, बाकीचा स्टाफ मागच्या दारानं पळाला. मामा एकटे खुर्चीवर बसून राहिले. हलले नाहीत, बोलले नाहीत, समोर बघत राहिले. ते बघून जमावच बिचकला आणि हळूहळू पांगला. "काय काळीज म्हनायचं बे!" असं म्हणून सांगणारा मांडीवर थाप मारायचा. मी मनात म्हणायचो, असा माणूस खालच्या मजल्यावर आहे ते बरं आहे.

कारण त्या हिवाळ्यात तालुक्यात बिबट्या होता.

बिबट्या दिसत नाही, हीच त्याची खरी भीती. कुणाची शेळी जायची, कुणाला ओल्या मातीत पंजा दिसायचा. पलीकडच्या शिवारात खुरपायला गेलेल्या बाईवर त्यानं झडप घातली तेव्हापासून दिवस मावळायच्या आत गावाचे दरवाजे बंद व्हायला लागले. वनखात्याची माणसं सांगून गेली, एकटं फिरू नका, मोबाइलवर गाणी लावा, आवाज करत चला. माझ्या खोलीची खिडकी उसावर उघडायची. म्हणजे उघडायची असं म्हणायचं. मी ती खिळे ठोकून बंद केली होती. तरी वाऱ्यानं उसाचं वाळलं पाचट सळसळलं की मी पाय खाटेवर ओढून घ्यायचो.

आणि अशा दिवसांत मामा पहाटे पळायचे!

कारण साधं होतं. निवृत्तीनंतर त्यांना साखर निघाली. "जलमभर साखरंच्या दारात बसलो, शेवटी आत शिरली," म्हणायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हे पळायला लागले. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खाली पायजमा दोरीनं वर बांधलेला, पायात कापडी बूट आणि कमरेला बैलाच्या गळ्यातली घंटी. वर पळताना ओरडायचं. "टायरगाडी! भरलेली! फुडं घ्या! ट्रॅक्टर! रिकामा! फुडं घ्या!" तांबडं फुटायच्या आधी ती घंटी वाजायला लागली की अर्धं गाव अंथरुणात म्हणायचं, निघाला वाघ. उजाडल्यावर मामा घामानं निथळत हॉटेलात चहाला यायचे. लोक विचारायचे, "मामा, फाट्यापतूर गेलता का?" मामा बशीत चहा ओतत म्हणायचे, "झालं पळून." एवढंच. कुठवर गेलो ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. लोकांनीच ते फाट्यापर्यंत नेऊन ठेवलं होतं.

एका पहाटे मला जाग आली ती घंटीनंच. पण काहीतरी चुकत होतं. आवाज लांब जात नव्हता. जवळ यायचा, मागं जायचा, परत जवळ यायचा. माझ्या मनात नको ते आलं. मामांना काहीतरी झालंय, घंटी कुणीतरी ओढतंय! सांगायला लाज वाटते, मी आधी दाराची कडी तपासली. मग बऱ्याच वेळानं, हातात मच्छरदाणीची काठी घेऊन, जिना उतरलो. अंगणाच्या फाटकाला आतून कुलूप. आवाज मागच्या पत्र्याच्या शेडमधून येत होता. पूर्वी तिथं कापूस साठवायचे. मी फटीतून बघितलं. मामा शेडमध्ये गोल गोल पळत होते. जमिनीला घाण्याच्या बैलानं पाडावी तशी वाट पडली होती. ओरडत होते, घाम गळत होता, आणि शेडच्या दाराला आतून अडसर होता.

मागं बघतो तर मामी. हातात फाटकाची किल्ली.

"कळलं व्हय तुमास्नी," त्या म्हणाल्या. "कुनाला बोलू नका. दोन वर्सं झाली, फाटक वलांडलं न्हाई त्यांनी अंधारात."

मी कुणाला बोलणार? मला तर उलट बरं वाटलं. घरात मी एकटाच घाबरट नव्हतो.

आमच्याकडे माणसं एका दिशेनं घोळक्यानं पळाली की तिला मॅरेथॉन म्हणतात. इथल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला दरवर्षी ती असते. जवान पोरं हमरस्त्यानं लांब पळतात. ज्येष्ठ नागरिकांना ट्रकखाली नको म्हणून आतल्या रस्त्यानं सोडतात. गावातून निघायचं, उसातली बैलगाडीची वाट धरायची, पलीकडच्या माळाला वळसा घालून त्याच वाटेनं परत. मी यायच्या आदल्या वर्षी ज्येष्ठांत मामा पहिले आले होते. त्याबद्दल वर्षभर कुजबुज चालली होती. माझ्यासमोर ती एकदाच उघड झाली, हॉटेलात.

निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, ते दुसरे आले होते. त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "मामा, गेल्या वर्षी उसाच्या वाटेला तुम्ही आम्हाला काही दिसला नाहीत. ना जाताना, ना येताना."

एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आप्पा तिसरे होते. ते हसले. "आवो गुरुजी, काट्यावरचा मानूस. सवय जाती व्हय?"

हॉटेल हसलं. मामांनी ओठांशी नेलेली बशी तशीच खाली ठेवली. ते उठले. मागून कुणीतरी म्हणालं, तवाबी मारला, आताबी मारला. घरापर्यंत मामा माझ्या दहा पावलं पुढं चालत राहिले.

यंदा संयोजक पोरांनी तोड काढली. उसापलीकडच्या माळावर एका मेंढपाळाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसला होता. मेंढरांच्या पाठीवर खुणेला लावतात तो तांबडा रंग त्याच्याकडे होताच. घामानं जात नाही, पाण्यानं जात नाही. वळणावर पोहोचेल त्याच्या मनगटावर तो रंगाचा पट्टा ओढेल, मदतीला दोन पोरं राहतील. पट्टा नसेल तो बाद. "लावा, लावा, रंग लावाच," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक आला होता, हे मला पुढं आठवलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मामा जिना चढून माझ्या खोलीत आले. असे ते कधी येत नसत. खिळे मारलेल्या खिडकीकडे बघत खाटेवर बसले.

"सर, मागल्या साली म्या उसात गेलोच न्हाई," ते म्हणाले.

म्हणजे लोक खरं बोलत होते!

"वाटंच्या तोंडाशी गेलो आन पाय थांबले. तवाबी बिबट्याची आवई व्हतीच. मंग पाटाच्या कडंकडंनं गेलो, लांबचा येढा घालून, माळावर जाऊन, तसाच माघारी. त्यांच्यापरीस जास्तच पळालो. वजन जास्तच भरलं, म्हनून बक्षीस घेतलं. मला वाटलं, जास्त भरलं तर कोन कशाला इचारल?"

"मग हे सांगा ना त्यांना!"

"काय सांगू? भ्यालो म्हनून?" मामा हसले, पण ते हसू नव्हतं. "सर, केबिनीची ती गोष्ट तुमाला सांगितली आसल. मी बसून ऱ्हायलो ती. आवो, मला उठताच येत नव्हतं. काच फुटली तवा पायच गेले. कमरंखाली काई हाय का न्हाई कळंना. लोक गेल्यावर स्टाफमधल्या दोघांनी उचलून न्हेलं मला, ते दोघं बी आता ऱ्हायले न्हाईत. तवापासून रोज बघतो, पाय हायत का. म्हनून पळतो. साखर बिखर नंतरचं."

खाली घंटी कुठंतरी खुंटीला अडकून हलकेच वाजली.

"उद्या रंग न्हाई लागला तर त्यो सगळा काटा खरा व्हतो, सर. पस्तीस वर्सांचा. पोरीच्या लग्नातला बी." मग एकदम लहान तोंड करून म्हणाले, "तुमी संगं येता का? उसाच्या वाटंच्या तोंडापतूर."

माझं काय झालं असेल ते विचारू नका. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायलाही धीर लागतो.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं होतं, तरी उसाची वाट काळोखीच दिसत होती. दोन्ही अंगांनी पुरुषभर उंच ऊस, वर पानं एकमेकांत गुंतलेली. बाकीचे म्हातारे निम्मी वाट चालायचे, त्यामुळे मामा पुढं निघून आले होते. मी मागं धापा टाकत. वाटेच्या तोंडाशी मामा थांबले. घंटी थांबली. मी बघितलं, त्यांची पावलं जमिनीला रुतल्यासारखी.

तिथंच बांधावर मदतीची दोन पोरं मोटरसायकलला टेकून उभी होती. ती माळावर असायला हवी होती. माझ्याकडे बघून एक म्हणाला, "सर, आत कोन जाईल? मघाशी काईतरी हाललं."

मलाही मागंच पळायचं होतं, शप्पथ सांगतो. मी म्हणालो, "मामा, चला माघारी. मरू दे तो रंग."

मामांनी फक्त माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत हॉटेल होतं, बशी होती, मोडलेली सोयरीक होती. आणि माझ्या तोंडून, कसं कोण जाणे, मोठ्यानं निघालं, "टायरगाडी! वजन झालं, फुडं घ्या!"

मामांचा उजवा पाय उचलला.

"ट्रॅक्टर! भरलेला! फुडं घ्या!" मी ओरडलो. डावा पाय उचलला. आम्ही आत शिरलो. मी ओरडत होतो, मामा ओरडत होते, घंटी ठणठणत होती. मधेच डाव्या अंगाला पाचट वाजलं. आम्ही थांबलो, तेही थांबलं. आम्ही निघालो, तेही निघालं. माझ्या पाठीवरून घामाची धार खाली गेली. मामांनी माझं मनगट धरलं होतं ते हाड मोडेल इतकं. "बघू नका, सर," ते पुटपुटले. "आवाज थांबवू नका." मी ओरडत राहिलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बहुतेक रडतच होतो.

वाट संपली, माळ आला आणि आमच्या मागून उसातून बाहेर पडलं ते मेंढपाळाचं कुत्रं. मी मटकन खाली बसलो.

मेंढपाळ रंगाचा डबा घेऊन उभा होता. "घंटीनं मेंढरं बुजली ना माझी," तो म्हणाला. मामांची बाही वर सारून त्यानं मनगटावर तांबडा पट्टा ओढला आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझ्याही.

"ते जनावर हाय का रं हितं?" मामांनी विचारलं.

"सकाळी पान्यावर आलतं की," तो म्हणाला आणि मेंढरांकडे वळला.

आम्ही बाकीच्यांची वाट बघितली. कुणीच येईना. शेवटी परत निघालो. कसे आलो ते आता सांगवत नाही. वाटेच्या तोंडाशी ती पोरंही नव्हती, मोटरसायकलही नव्हती. गावात मांडवात पोहोचलो तर गुरुजी, आप्पा आणि बाकीचे सगळे खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. मला क्षणभर उमगेना. मग उमगलं, आणि माझं टाळकं सटकलं. म्हणजे हे आत शिरलेच नव्हते! यंदाही, आणि गेल्या वर्षीही! तेव्हा कुठंतरी बांधाआड बसून वेळ काढला असणार, आणि मामांच्या मागून आले असणार. उसात मामा दिसले नाहीत म्हणे. दिसतील कसे? बघायला तिथं होतं कोण?

माईकवरून संयोजक पोरगं ओरडलं, "ज्येष्ठ मंडळींनी मनगटं दाखवायची!" पुढारी हार घालून बसले होते, गुरुजींच्या शाळेची पोरं बँड घेऊन उभी होती. गुरुजी उठले. त्यांचा हात खिशाजवळ गेला, परत आला. त्यांनी आमच्याकडे बघितलं. मला मामांचा हात धरून वर करायचा होता. बघा, बघा म्हणायचं होतं सगळ्या गावाला! मी मामांकडे वळलो.

मामांनी बाही खाली ओढली होती. मनगटावरचं बटण लावत होते.

"पोरा," ते म्हणाले, "रंग कुनालाच न्हाई. तिथं कुनी नव्हतं. लावनार कोन?"

संयोजकानं मदतीच्या दोन पोरांकडे बघितलं. दोघंही मान खाली घालून उभे. माझा पट्टा असलेला हात मी खिशात कोंबला.

"मग पहिला कोण धरायचा?"

"गुरुजी. माझ्या आदी हितं हायत की ते."

बँड वाजला. गुरुजींनी ढाल घेतली, ती मामांकडे न बघताच. आणि माझ्या मागं कुणीतरी, हॉटेलातल्या त्याच ओळखीच्या आवाजात, म्हणालं, "बघितलं का? यंदा रंग हाय म्हनल्यावर कसा मागं ऱ्हायला. काट्यावरचा त्यो." दोघंतिघं हसले. मामांनी ते ऐकलं. ऐकून कमरेची घंटी सोडली आणि चालायला लागले.

घर येईपर्यंत मी धुमसत होतो. फाटकाशी माझा बांध फुटला. "मामा, कावून? कावून केलंत असं? जन्माचा डाग धुऊन निघत होता! तेही त्या माणसासाठी?"

मामांनी आत येऊन फाटकाला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं.

"गुरुजीचे पाय बघितले का तुमी? माईक वाजला तवा?" ते म्हणाले. "मी बघितले. सगळा गाव समोर, आन खाली पाय न्हाईत. ते कसं आसतं मला ठावं हाय. त्या दिशी केबिनीत कुनी माझ्यासाठी येक खोटं बोलून ती मानसं माघारी धाडली आसती ना, सर, तर मी त्याच्या पाया पडलो आसतो."

मामी पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभ्या होत्या. मामांनी बाहीचं बटण काढलं आणि तो तांबडा पट्टा बघत राहिले.

"आज मारला काटा," ते म्हणाले. "पैल्यांदा. बटन लावताना हात लई कापत व्हता बघा."